दुसरा हात

रंगाचा पहिला हात देऊन झाला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. रोलर बादलीत बुडवून ठेवला होता, फरशीवर अंथरलेली जुनी चादर मी कडा गोळा करत उचलत होते, आणि पॅसेजची भिंत दिव्याच्या उजेडात अजून ओलसर चकाकत होती. नेमक्या त्याच वेळी बिजली, आमची १४ वर्षांची कुत्री, रोजच्या शिरस्त्याप्रमाणे बाहेरच्या खोलीतून उठून झोपायच्या खोलीकडे निघाली. पॅसेजच्या तोंडाशी येऊन ती थांबली. तिने नाक पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. एक पाय उचलला आणि तो खाली न टेकवता तसाच हवेत धरून ठेवला. मी हाक मारल्यावर शेपूट हलली, पण पाऊल काही पडले नाही. शेवटी ती तिथेच बसली, चुकून दुसऱ्या कोणाच्या दारात येऊन पोहोचल्यावर माणूस जसा संकोचून उभा राहतो, तशी. मी तिला उचलून आत नेले. उचलताना तिचे काळीज माझ्या मनगटाला धडधडताना लागत होते.

ते थांबणे माझ्या डोक्यातून पुढे कित्येक दिवस गेले नाही.

वास्तविक त्या रात्री मी खूश असायला हवे होते. पॅसेजची ती भिंत आमच्या यादीत दोन वर्षांपासून होती. यादीचाही एक इतिहास आहे. संपूर्ण घर नीट करून घ्यावे असे ठरवून आम्ही एका ठेकेदाराकडून खर्चाचा अंदाज मागवला होता. तो कागद मी आणि नवऱ्याने आळीपाळीने वाचला, एकमेकांशी काही न बोलता टेबलावर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्याला स्वतःला काय काय जमेल याची यादी लिहिली. त्यात दोनच रकाने होते, ‘आत्ता’ आणि ‘पैसे साठल्यावर’. मुलाने नंतर आपल्या तिरक्या अक्षरात तिसरा रकाना वाढवला आणि त्याला ‘स्वप्नात’ असे नाव दिले. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली ती यादी लटकत राहिली, आणि अधूनमधून एखादी गोष्ट एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात, बहुतेक वेळा उजवीकडेच, सरकत राहिली. माझ्या एका सहकारी बाईंचे घर याच काळात तीन आठवड्यांत नवेकोरे झाले. ते पाहून आल्यावर मला हेवा वाटला हे कबूल करते. पण हेवा त्यांच्या रंगसंगतीचा नव्हता की नव्या कपाटांचाही नव्हता. ते तीन आठवडे त्यांचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले होते, त्याचा होता.

आम्हाला ज्या घरात काम करायचे त्याच घरात जेवायचे, झोपायचे, अभ्यास करायचा आणि आजारीही पडायचे होते. कामाला लागणारा वेळ सलग कधीच मिळत नाही; तो घरातल्या इतरांच्या वेळातून चिमटीने उचलावा लागतो. दुपारी सासूबाई झोपतात, म्हणून दुपारी ड्रिल नाही. संध्याकाळी मुलाची शिकवणी असते, म्हणून ठोकाठोक नाही. रात्री नऊनंतर शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. उरलेल्या वेळात बिजलीला दर चार तासांनी बाहेर न्यावे लागते, कारण या वयात तिला तेवढाच दम धरवतो. आणि या सगळ्यातून जी अर्धीमुर्धी फट मिळते, तिच्यात मुनीम येऊन बसतो. मुनीम म्हणजे आमचा बोका. घरात कुठलेही काम सुरू झाले की तो जवळच्या सर्वांत उंच जागी बसून डोळे अर्धवट मिटून देखरेख करतो, म्हणून त्याचे हे नाव. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते असे म्हणतात. आमच्या मुनीमने त्यातले बरेचसे तास शिडीच्या वरच्या पायरीवर, उघडलेल्या अवजारांच्या पेटीत, किंवा नुकत्याच मोजून ठेवलेल्या फळीच्या बरोबर मध्यावर काढलेले आहेत. मोजमापाच्या खुणेवर मांजर झोपले असेल तर त्याला उठवायचे की खूण थोडी बाजूला घ्यायची, या प्रश्नावर आमच्या घरात दोन तट आहेत, आणि बाहेरच्या खोलीतली एक मांडणी दोन बोटे डावीकडे का आहे याचे उत्तर त्यातल्या एका तटाला ठाऊक आहे.

स्वस्तात काम करायचे म्हणजे पैशाऐवजी डोके आणि वेळ खर्च करायचा, असा माझा सुरुवातीचा समज होता. तो अर्धाच खरा निघाला. कुठे हात आखडायचा आणि कुठे मुळीच आखडायचा नाही हे शिकण्यासाठी आम्ही जी चुकांची फी भरली, तीही हिशेबात धरायला हवी. पहिल्या खोलीच्या वेळी आम्ही सर्वांत स्वस्त ब्रश आणला. त्याचे केस रंगात गळत राहिले, आणि वाळलेल्या रंगातून ते चिमट्याने उपटताना प्रत्येक केसामागे एक ओरखडा उमटत गेला. दुसऱ्या वेळी प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, वगळला. पुट्टी लावलेला भाग कोरड्या मातीसारखा रंग शोषत गेला आणि तीन हात देऊनही भिंतीवर ढग दिसत राहिले, तेव्हा वाचवलेला प्रायमर तिप्पट रंगात गेला. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर पांढरे क्षार फुलले होते. ते खरवडून आम्ही वर रंग लावला, आणि दोन महिन्यांत ते पुन्हा, या वेळी रंगाचा पोपडा डोक्यावर घेऊन, बाहेर आले. पाणी भिंतीतून वाट काढताना विटा-सिमेंटमधले क्षार आपल्याबरोबर पृष्ठभागावर आणते आणि स्वतः उडून जाताना ते तिथे ठेवून जाते. पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय वरून काहीही फासले तरी ते झाकणच ठरते, हे आम्हाला त्या भिंतीने शिकवले. गळणारा सांधा सापडला, तो बंद केला, आणि मग भिंत पुरती सुकेपर्यंत गप्प बसून राहिलो. ते गप्प बसून राहणे सर्वांत अवघड होते, कारण अर्धवट खरवडलेली भिंत पाहुण्यांना दाखवताना आपण काहीतरी करत आहोत असा चेहरा ठेवावा लागतो.

पॅसेजच्या वेळेपर्यंत मात्र आम्ही बऱ्यापैकी तयार झालो होतो. भिंत साडेपाच मीटर लांब, पावणेतीन मीटर उंच. गुणाकारातून दाराचे दोन चौरस मीटर वजा केले की साधारण १३ चौरस मीटर उरतात. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर रंग एका हाताला दहा-बारा चौरस मीटर पुरतो, म्हणजे दोन हातांना अडीच लिटरच्या आसपास. चार लिटरचा डबा आणला, उरलेला पुढे डागडुजीला होईल म्हणून. पुट्टीचा पातळ थर दिला, आणि तो घासण्याआधी मुलीने हातातला दिवा भिंतीला अगदी चिकटवून, आडवा धरला. समोरून पाहताना सपाट वाटणारी भिंत अशा आडव्या उजेडात पाहिली की प्रत्येक उंचवट्याला आपली सावली पडते आणि थापीचा प्रत्येक फटका मोजून घेता येतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने त्या भिंतीवर आधी डोंगररांगा पाहिल्या, मग कोरड्या नद्या, आणि मग मी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने तिचा सगळा भूगोल घासून सपाट केला, याबद्दल ती थोडी नाराज झाली. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो मऊ, हे तिला उलटे वाटते आणि ती अजून दर वेळी खात्री करून घेते.

खिडकीच्या लाकडी चौकटीही त्याच आठवड्यात घासून टाकाव्यात असे नवऱ्याचे म्हणणे होते. चौकटीवर जुन्या तेलरंगाचे चार-पाच थर होते आणि खालचे थर किती जुने असतील ते कोणालाच सांगता येत नव्हते. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते, आणि असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ खाली बसते. आता खाली कोण असते? जमिनीवर बसून खेळणारे मूल असते, आणि पंजे चाटून स्वच्छ करणारे मांजर असते. शिशाच्या पांढऱ्या रंगाने रंगारी आजारी पडतात हे इतके जुने ज्ञान आहे की १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामातील त्याच्या वापराविरुद्ध करार केला. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणायला मात्र १९७८ साल उजाडले. रात्री झोप लागेना म्हणून मी हे वाचत बसले, आणि सकाळी खिडकीची चौकट ‘आत्ता’मधून ‘पैसे साठल्यावर’मध्ये सरकवली. जिथे पापुद्रे सुटले होते तेवढी जागा ओली करून हलक्या हाताने काढली, ओल्या फडक्याने पुसली, आणि वरून नव्या रंगाने बंद केली. स्वस्ताईच्या नादात आपण एखादे काम स्वतः करायला निघतो तेव्हा ते स्वतः न करण्यासारखे आहे का हा प्रश्न यादीत कुठेच नसतो.

मुनीमची शेपूट रंगात बुडाली तीही याच सुमारास. ट्रेच्या कडेवरून तो असा काही ऐटीत चालत गेला की शेपटीचे टोक रंगातून बोटभर नेऊन त्याने ते प्रायमर लावलेल्या भिंतीवर, आपल्या मनासारखे, टेकवले. रंग पाण्यात मिसळणारा होता म्हणून निभावले. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, एक टॉवेल आणि दोन माणसे एवढ्यावर काम झाले. तेलरंग असता तर टर्पेंटाइनचा बोळा उचलायचा मोह झाला असता, आणि तो मांजराच्या बाबतीत रंगापेक्षा वाईट, कारण मांजर अंगावरचे सगळे चाटते आणि त्याच्या यकृताला असली द्रव्ये माणसासारखी निभावता येत नाहीत. अशा वेळी रंगलेले केस सरळ कातरून टाकावेत. त्याच्या शेपटीचे तीन केस अजूनही त्या भिंतीत आहेत. संध्याकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले तरच ते दिसतात, आणि ते कुठे आहेत हे फक्त मला माहीत आहे.

आता त्या रेघेबद्दल लिहायला हवे.

पॅसेजच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक काळपट, तेलकट रेघ होती. बिजली येता-जाता भिंतीला अंग घासत चालते, आणि तिच्या कातडीचे तेल, धूळ, पावसाळ्यातला चिखल हे सगळे वर्षानुवर्षे तिथे बसत गेले होते. रेघेचा रंग सगळीकडे सारखा नव्हता. वळणाशी ती गडद आणि जवळजवळ गुळगुळीत झाली होती, दाराशी फिकट होत होत थांबत होती. पाहुणे आले की माझी नजर आधी त्या रेघेकडे जायची आणि मग पाहुण्यांच्या नजरेकडे. खरे सांगायचे तर पॅसेज रंगवण्यामागचे मोठे कारण ती रेघ हेच होते. तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही, म्हणून मी ती आधी साबणाच्या गरम पाण्याने तीन वेळा धुतली, वाळल्यावर २२० नंबरने घासली, वरून डाग दाबणारा प्रायमर लावला. फडके पिळताना बादलीतले पाणी करडे झाले आणि त्याला ओल्या कुत्र्याचा वास आला. तो वास घालवल्याचे मला समाधान वाटले होते, हे आठवले की आज कसेतरी होते. त्याच दिवशी चपलांची मांडणी आम्ही डाव्या बाजूची उचलून उजव्या बाजूला ठेवली, कारण तिथे ती अधिक शोभते असे सर्वांचे मत पडले. सर्वांचे म्हणजे ज्यांना विचारले त्यांचे.

बिजलीच्या डोळ्यांवर निळसर झाक आलेली आम्ही पाहिली होती. वयाबरोबर कुत्र्याच्या डोळ्यातले भिंग घट्ट होत जाते आणि निळसर दिसते, त्याने दृष्टीला फारसा फरक पडत नाही, एवढे आम्ही कुठेतरी ऐकले होते आणि ते सोयीचे असल्यामुळे लक्षात ठेवले होते. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तपासून, ही नुसती झाक नाही, हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, असे स्पष्ट सांगितले होते. घरी ती इतकी सराईत वावरायची की ते वाक्य आम्ही ऐकले आणि विसरलो. ती सराईत कशामुळे होती याचा विचारच केला नाही. वासाची जाणीव घेणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख, आणि कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २० कोटींच्याही पुढे. म्हणजे आमच्या लेखी जो डाग होता, तो तिच्या लेखी रस्ता होता. स्वतःच्याच अंगाचा वास धरून, बरगडीला भिंतीचा स्पर्श ठेवून, कुठे वळायचे आणि कुठे थांबायचे हे ती त्या रेघेवरून वाचत होती. मी रेघ धुतली, तिच्यावर तीन प्रकारचे नवे वास फासले, आणि वळणाच्या आधी एक मांडणीही आणून ठेवली. रंग निवडताना मुलांचे हिरवट की तांबूस यावर चार दिवस भांडण झाले होते. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, हिरव्या-तांबड्यातला फरक फारसा कळत नाही. तिला विचारले असते तरी तिने त्या वादात भाग घेतला नसता.

हे सगळे मला त्या रात्री एकदम कळले असे मात्र नाही. त्या रात्री मला वाटले की तिला नव्या रंगाचा वास खटकला असेल, दोन दिवसांत सवय होईल. मी दिवा मालवला आणि झोपले.

सकाळी चहाच्या आधी मी भिंत पाहायला गेले. आडव्या उजेडाची सवय लागली होती म्हणून मुलीचा दिवा घेऊन भिंतीला लावला. रोलरने रंग लावला की पृष्ठभागावर बारीक दाणे उठतात, सगळीकडे सारखे. पॅसेजच्या मध्यावर, माझ्या कमरेच्या जरा वर, ते दाणे एका जागी दाबले जाऊन सपाट झाले होते. आधी वाटले मुनीम असेल, पण मुनीमला एवढी बोटे नाहीत. चार बोटे, एक अंगठा, आणि तळव्याचा खालचा भाग, जिथे भार पडला होता, तिथे तर रंग सरकून आतला प्रायमर दिसत होता. पावलापावलावर थोडा पुढे असा आणखी एक ठसा होता, आणि त्याच्या पुढे बोटांच्या नुसत्या ओढलेल्या रेषा. तो उजवा हात होता. मुलांचा नव्हता, कारण मोठा होता; नवऱ्याचा नव्हता, कारण करंगळी वाकडी होती.

सासूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी विचारले, “आई, रात्री तुम्ही उठला होतात का?” त्यांनी मागे न पाहता सांगितले, “नाही बाई. का?” मी म्हटले, भिंतीवर हाताचा ठसा आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “मांजराचा असेल.” आणि मग एक टॉवेल झटकून, तो दोरीवर अगदी सरळ घालून, जरा वेळाने म्हणाल्या, “रंग ओला आहे म्हणून कोणी सांगायला नको का? नखातला अजून निघाला नाही.”

पॅसेजच्या दिव्याचे बटण लांबच्या टोकाला आहे. घर घेतले तेव्हापासून ते तिथेच आहे आणि आम्ही सर्वजण अंधारात पाच-सहा पावले टाकून ते दाबतो. मला त्यात कधी काही वाटले नाही. तिशी-चाळिशीच्या डोळ्यांना तेवढा अंधार पुरतो. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जाते, हे मी नंतर वाचले, आणि सासूबाई साठीच्या पुढे पंधरा वर्षे आहेत. नंतर मला आणखी एक गोष्ट आठवली. कुत्रीची रेघ धुताना वरच्या बाजूला, कमरेच्या उंचीवरही, भिंत जरा मळकट लागली होती. तिथे तेल नव्हते, नुसता हात लागून लागून येतो तसा करडेपणा होता. एकाच फडक्याने मी तोही पुसून टाकला होता. एका भिंतीवर दोन वाटा होत्या, एक खाली आणि एक वर, आणि खालची मला वर्षानुवर्षे डोळ्यांत खुपत होती, तर वरची मी कधी पाहिलीच नव्हती. खालचीबद्दल डॉक्टरांनी निदान सांगितले तरी होते. वरचीबद्दल सासूबाईंनी कोणाला काही सांगितले नाही, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी नाहीतच.

त्या रविवारी दुसरा हात द्यायचा होता, तो दिला नाही. फ्रिजवरची यादी खाली उतरवली. ‘पैसे साठल्यावर’मध्ये बाहेरच्या खोलीच्या छतातले दिवे होते, त्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेला आम्ही हात घातला. अंधारात कोणी हलले की आपोआप लागणारे तीन छोटे दिवे आणले आणि घोट्याच्या उंचीवर लावले; प्रकाश वरून डोळ्यांत येण्याऐवजी फरशीवर पडला की पाऊल कुठे टाकायचे ते कळते. आणि भिंतीवर एक लाकडी गज बसवला. हा गज आमच्या हातून झालेले पहिले काम ज्याच्यात मी काटकसर हा शब्द उच्चारू दिला नाही. जिन्याच्या कठड्याचा उरलेला गोल दांडा एका सुताराने रंधा मारून, कडा मऊ करून दिला. जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर पाणसळ लावून खुणा केल्या, आठ मिलिमीटरच्या बिटाने भोके पाडली, स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि दोन ब्रॅकेटमध्ये अंतर कमी ठेवले, कारण या गजावर कपडा लटकणार नव्हता, घसरणाऱ्या माणसाचा सगळा भार एका क्षणी येणार होता. गिलाव्यातून बिट पुढे विटेत शिरले की आवाज बदलतो, भुसभुशीत होता तो घट्ट होतो आणि पडणारी धूळ पांढरटाची तांबडी होते. तांबडी धूळ दिसल्याखेरीज मी नवऱ्याला थांबू देत नव्हते. ड्रिल सुरू झाले तेव्हा बिजलीला मुलाबरोबर लांब फिरायला पाठवले होते. कुत्र्याच्या कानाला आमच्यापेक्षा दुपटीहून वरचे सूर ऐकू येतात, आणि त्या यंत्राच्या किंकाळीत आम्हाला न ऐकू येणारे काय काय असेल ते तिलाच ठाऊक. मुनीम मात्र कुठेही गेला नाही. तो कपाटावर कान मागे पाडून बसला आणि काम संपल्यावर उतरून गजाची एक चक्कर हुंगून गेला.

सासूबाईंना आम्ही गज दाखवला नाही. तो आहे तिथे आहे, असे सर्वांनी वागायचे ठरवले. पहिले दोन दिवस त्या पॅसेजच्या मधोमध चालल्या, मुद्दाम, हात पदरात घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच म्हटले की दांडा बरा गुळगुळीत आहे, त्यावर ओले फडके वाळत घालता येईल. एक फडके त्यांनी घातलेही. पण रात्री त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा खालचे दिवे आपोआप लागलेले होते, आणि लाकडावरून बांगडी घसटत गेल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला. हळूहळू, न थांबता, पार टोकापर्यंत.

बिजलीचे काम इतके सोपे नव्हते. चपलांची मांडणी आम्ही पूर्वीच्या जागी नेऊन ठेवली. पॅसेजच्या सुरुवातीला आणि वळणाच्या आधी दोन वेगवेगळ्या पोताची पायपुसणी टाकली, एक काथ्याचे खरखरीत आणि एक सुती, म्हणजे पायाखाली काय आहे त्यावरून तिला आपण कुठे आहोत ते कळावे. तिची झोपायची जुनी, न धुतलेली चादर मुलीने भिंतीच्या कडेने खालून खालून चोळली. नव्या रंगावर असे काही करताना माझा हात दोनदा तिला अडवायला पुढे झाला. रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण पिकायला त्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर घासाघीस केली तर त्यावर कायमची चकाकी येते. आली. खालच्या बाजूला एक चकचकीत पट्टा आता आहे. चौथ्या की पाचव्या दिवशी बिजली पॅसेजच्या तोंडाशी आली, काथ्यावर पाय ठेवला, नाक भिंतीला लावून बराच वेळ उभी राहिली, आणि मग बरगडी भिंतीला टेकवून निघाली. सुती पायपुसण्याशी थबकली, वळली, आत गेली.

मला राहून राहून वाटते की त्या तीन आठवड्यांत नव्या होणाऱ्या घरात हे झालेच नसते. म्हणजे चूक झाली असती, पण ती एकदम सगळीकडे झाली असती, आणि आम्ही दुसरीकडून परत येईपर्यंत भिंतीवरचा ठसा पाहायला कोणी तिथे नसते. आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून एका वेळी एकच भिंत बदलत होती, आणि एकच भिंत बदलली म्हणून कोण कुठे अडखळले ते दिसले. यात आमचे शहाणपण काही नाही. पैसे असते तर आम्हीही तेच केले असते, आणि छतातले दिवे फार सुंदर दिसले असते.

पॅसेजमध्ये अजूनही रंगाचा एकच हात आहे. आडवा दिवा लावला तर प्रायमरचे ढग दिसतात, आणि गजाच्या जरा वर सासूबाईंचा तळवा दिसतो. डबा निम्म्याहून जास्त भरलेला आहे. झाकण बसवण्याआधी मुलीने काठावरचा रंग पुसला, वर जुने फडके ठेवून हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोकले, आणि मास्किंग टेपच्या तुकड्यावर तारीख घालून लिहिले, ‘पॅसेज. दुसरा हात बाकी.’ मग तो डबा तिने माळ्यावर ठेवायला माझ्याकडे दिला. शिडीच्या वरच्या पायरीवर मुनीम झोपला होता, म्हणून तो अजून खालीच आहे.